ऑइल टेंपरेचर दर उन्हाळ्यात चढतं? कूलर बदलायच्या आधी हे तपासा

चढाईत ऑइल टेंपरेचरचा काटा हिरव्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला जाऊन टेकतो. विमान समतल केलं की थोडा खाली येतो, पुढच्या चढाईत परत तिथेच. काहीतरी बदललं की चार-दोन महिने बरे जातात आणि मग एखाद्या तापलेल्या दुपारी पायलट उतरून तीच तक्रार पुन्हा लॉगमध्ये लिहितो. छोट्या पिस्टन इंजिनांवर काम करताना ही तक्रार मी जितक्या वेळा वाचली, जवळजवळ तितक्याच वेळा तिच्याखाली 'ऑइल कूलर बदलला' ही नोंदही वाचली. कूलर खराब होतच नाही असं नाही. पण माझ्या हाताखालून गेलेल्या विमानांत मूळ दोष कूलरमध्ये फार थोड्या वेळा निघाला.

खाली लिहितोय ते हवेने थंड होणाऱ्या, समोरासमोर सिलिंडर असलेल्या इंजिनांबद्दल, आणि त्यातही मुख्यतः लायकोमिंग धाटणीच्या. रोटॅक्सची ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी) व्यवस्था वेगळी असते, तिथे यातलं सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही. आकडे आणि पद्धत तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमधली धरायची, आणि काम ज्याला सही करायचा अधिकार आहे त्याच्या नजरेखाली व्हायला हवं, हे वेगळं सांगायला नको.

जास्त म्हणजे नक्की किती

लायकोमिंगच्या बहुतेक चार सिलिंडर इंजिनांची लाल रेघ २४५ फॅरनहाइटला असते, म्हणजे ११८ सेल्सिअस. कॉन्टिनेंटल ओ-२०० ला ती २२५ फॅरनहाइटलाच येते, म्हणजे १०७. एका विमानात 'चालतंय की' म्हणावं असा आकडा शेजारच्या विमानात मर्यादेबाहेरचा असू शकतो. म्हणून आधी आपल्या इंजिनाची रेघ कुठे आहे ते बघा, आणि गेजवर ती बरोबर जागी रंगवली आहे का तेही बघा. जुनं गेज बदलताना दुसऱ्याच इंजिनाच्या खुणांचं गेज बसवलेलं मी पाहिलं आहे. तिथे तक्रार खरी होती, इंजिनही निरोगी होतं, फक्त रंग चुकीचा होता.

समतल उड्डाणात ८२ ते ९३ सेल्सिअसच्या आसपास काटा राहिला तर तब्येत उत्तम समजावी. गरम दिवशी लांब चढाईत १०५ पर्यंत गेला आणि समतल झाल्यावर दहा मिनिटांत खाली आला, तर मी हत्यारं काढत नाही. उलट ६५ वर थंडगार राहणारं ऑइल हे कौतुकाचं लक्षण नव्हे. त्यात जळणाबरोबर तयार झालेलं पाणी उडून जात नाही, आम्ल साठतं आणि कॅमशाफ्टला गंज चढतो. इंजिनाचं ऑइल जितकं थंड तितकं चांगलं, हा समज फार लोकांच्या डोक्यात बसलेला आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. लायकोमिंगमध्ये ऑइल टेंपरेचरचा प्रोब (तापमान टिपणारा सेन्सर) कूलरच्या नंतर, फिल्टरच्या हाउसिंगमध्ये असतो. म्हणजे गेजवर दिसतं ते थंड होऊन इंजिनात परत निघालेल्या ऑइलचं तापमान. बेअरिंगमधून आणि पिस्टनच्या पोटाखालून ओघळणारं ऑइल त्याहून बरंच गरम असतं. प्रोबची ही जागा पुढे निदानात कामाला येणार आहे.

हत्यारांआधी वही

एका चार आसनी विमानाची गोष्ट सांगतो. १६० अश्वशक्तीचं कार्ब्युरेटरचं इंजिन, उंच पंख, रोजच्या वापरातलं. उन्हाळ्याच्या तोंडाला तक्रार आली आणि कूलर बदलला गेला. पुढे थंडी आली, काटा खाली राहिला, सगळे खूश. पुढच्या उन्हाळ्यात तेच. या वेळी प्रोब बदलला, पुन्हा थंडी, पुन्हा समाधान. तिसऱ्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे आलं तेव्हा मी काउलिंगला (इंजिनावरच्या झाकणाला) हात लावायच्या आधी उड्डाणांच्या नोंदी मागितल्या. नशिबाने ते उडवणाऱ्यांतला एक पायलट नेटका होता. दर उड्डाणात बाहेरचं तापमान आणि ऑइल टेंपरेचर, दोन्ही लिहून ठेवायचा.

थंडीतली एक नोंद: बाहेर ८, ऑइल ९०. उन्हाळ्यातली: बाहेर ३३, ऑइल ११५. दोन्हीतला फरक ८२. मधल्या महिन्यांच्या नोंदीही त्याच्या एक-दोन अंश इकडेतिकडे. नवा कूलर बसवण्याआधी ८२, बसवल्यानंतरही ८२. कूलरने काहीच केलं नव्हतं, थंडीने केलं होतं, आणि श्रेय कूलरच्या खात्यात लिहिलं गेलं होतं.

म्हणून पहिलं काम हे: ऑइल टेंपरेचरमधून बाहेरच्या हवेचं तापमान वजा करा आणि तो फरक लिहीत जा. विमानाच्या प्रमाणनासाठी कूलिंगची चाचणी होते तीही याच हिशेबाने. ज्या दिवशी चाचणी घेतली त्या दिवसापेक्षा हवा जितके अंश जास्त गरम धरायची, तितकेच अंश ऑइलच्या आकड्यात मिळवतात, आणि मोजमाप समुद्रसपाटीला किमान १०० फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३८ सेल्सिअसच्या दिवसावर आणून बघतात. तेव्हा 'आज ऊन फार होतं' हे कारण त्या मर्यादेपर्यंत तरी चालत नाही. निरोगी विमानाने तेवढं ऊन सोसायलाच हवं.

त्या ८२ मध्ये आणखी एक इशारा दडलेला होता. ज्या इंजिनात ऑइलचा थर्मोस्टॅट नीट चालतो, तिथे थंडीत काटा ८५ च्या आसपास येऊन थांबायला हवा, कारण कूलर मोठा पडतो आणि थर्मोस्टॅट ऑइल आवरून धरतो. इथे बाहेर ८ अंश असतानाही ऑइल ९० वर होतं आणि हवेबरोबर अंशाला अंश हलत होतं. म्हणजे एकतर कूलर कडाक्याच्या थंडीतही अपुरा पडत होता, किंवा ऑइल कूलरमधून जातच नव्हतं.

तीन काटे एकत्र वाचा

ऑइल टेंपरेचर एकटं बघू नका. शेजारी ऑइल प्रेशर आहे, सिलिंडर हेड टेंपरेचर आहे.

ऑइल खरोखर तापलं की पातळ होतं आणि प्रेशर थोडं उतरतं. टेंपरेचर १० अंशांनी चढलं आणि प्रेशर तसूभरही हललं नाही, तर मला आधी गेजवर संशय येतो. टेंपरेचर चढतंय आणि प्रेशर झपाट्याने पडतंय, तर निदान वगैरे नंतर. ऑइल कमी झालंय किंवा कुठून तरी जातंय असं धरून जवळची धावपट्टी गाठायची.

सिलिंडर हेड आणि ऑइल दोन्ही चढत असतील तर दोष दोघांना सामायिक असलेल्या गोष्टीत शोधा: हवा, मिश्रण (हवा-इंधनाचं प्रमाण), मॅग्नेटोचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ). हेड नेहमीसारखे आणि ऑइल एकटंच वर, तर दोष ऑइलच्या वाटेवर किंवा गेजमध्ये. त्या चार आसनी विमानात हेड अगदी शहाण्यासारखे वागत होते.

गेज खोटं बोलतंय का

हे सगळ्यात स्वस्त काम, आणि तरी शेवटी केलं जातं. प्रोब काढायचा, उकळत्या पाण्यात धरायचा, गेज वाचायचं. समुद्रसपाटीला १०० अंश, आणि साधारण दर ३०० मीटर उंचीला एक अंश वजा. प्रोब भांड्याच्या बुडाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. जुनं केशनळीचं गेज असेल तर ती तांब्याची नळी फार वाकवू नका, तिला चीर गेली की गेज मेलं.

विजेवर चालणाऱ्या गेजमध्ये जोडण्या आणि अर्थिंग बघा. ज्या प्रोबचा रोध उष्णतेबरोबर वाढतो, त्याच्या वाटेत गंजलेला जोड आला तर तो जास्तीचा रोध गेजला 'उष्णता' म्हणून दिसतो. ज्या प्रोबचा रोध उष्णतेबरोबर घटतो, तिथे तोच गंज उलटं खोटं बोलतो, ऑइल आहे त्यापेक्षा थंड दाखवतो. हा दुसरा प्रकार जास्त घातक. इंजिन चालू असताना लँडिंग लाइट लावा, पिटो हीट (वेगमापकाच्या नळीचा विजेवरचा हीटर) लावा. काटा हलला तर अर्थिंग खराब आहे. ऑइल काही दिवा लावल्याने तापत नाही.

त्या विमानात प्रोब नवाच होता. उकळत्या पाण्यात दोन अंशांचा फरक निघाला, तो सोडून दिला.

व्हर्नाथर्म: इथे थोडं थांबू या

लायकोमिंगच्या ऑइलच्या वाटेवर एक थर्मोस्टॅटिक बायपास व्हॉल्व्ह असतो. हँगरमध्ये त्याला सगळे व्हर्नाथर्म म्हणतात. मोटारीच्या थर्मोस्टॅटची सवय असलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण मोटारीचा थर्मोस्टॅट गरम झाला की रेडिएटरची वाट उघडतो. व्हर्नाथर्म गरम झाला की बंद होतो. ऑइल थंड असताना बायपासची सोपी वाट उघडी असते, पंपाकडून आलेलं ऑइल कूलर टाळून थेट फिल्टरकडे निघून जातं. ऑइल ८५ च्या आसपास पोचलं की व्हर्नाथर्मच्या आतलं मेणासारखं द्रव्य फुगतं, दांडा लांबतो, त्याचं निमुळतं टोक समोरच्या सीटवर, म्हणजे त्याच्यासाठी घडवलेल्या बैठकीवर, घट्ट बसतं आणि ही सोपी वाट बंद होते. मग ऑइलला कूलरमधून जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्याच्या अंगावरची स्प्रिंग आणखी एक काम करते. कूलर तुंबला किंवा ऑइल गोठल्यासारखं घट्ट असलं आणि दाब फार वाढला, तर व्हॉल्व्ह मागे ढकलला जातो आणि इंजिनाला निदान गरम का होईना, ऑइल मिळत राहतं.

यातून दोन गोष्टी निघतात. व्हर्नाथर्म मेला तर तो आखडलेल्या अवस्थेत मरतो, म्हणजे बायपास कायम उघडा आणि ऑइल गरम. आणि व्हर्नाथर्म चांगला असूनही सीटवर नीट बसत नसेल, तर परिणाम तोच.

ऑइल कूलरला टाळतंय का, हे काहीही न उघडता कळू शकतं. कूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या फिटिंगवर एकेक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बांधा. तापमानाने रंग बदलणाऱ्या पट्ट्याही मिळतात, पण त्या एकदा चढलेला रंग सोडत नाहीत, आणि इंजिन बंद केल्यावर काउलिंगमध्ये कोंडलेल्या उष्णतेनेही रंगतात. मी एकदा अशा पट्टीवर विश्वास ठेवून अख्खा दिवस चुकीच्या दिशेने घालवलाय. थर्मोकपल बरे.

तर त्या विमानात चढाईत आकडे असे आले: कूलरमध्ये जाणारं ऑइल ११६, कूलरमधून येणारं ६८, गेजवर ११०. पहिल्यांदा बघणारा म्हणेल, वा, कूलर ४८ अंश उतरवतोय, झकास आहे. पण मग गेजवर ६८ च्या आसपास का नाही? कारण प्रोबपाशी दोन प्रवाह मिळतात, कूलरमधून आलेला थंड आणि बायपासने आलेला गरम. ११६ आणि ६८ मिसळून ११० व्हायचे असतील तर थंडाचा वाटा आठातला एक लागतो. म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा ऑइल कूलरमधून जात होतं, तेही रेंगाळत, म्हणूनच इतकं थंड होऊन बाहेर पडत होतं. उरलेले सात हिस्से मोकळ्या वाटेने. या व्यवस्थेत कूलर नवा असो, मोठा असो, सोन्याचा असो, फरक किती पडणार?

उलट चित्रही सांगून ठेवतो. आत ११६, बाहेर ११२, गेजवर ११२ असं आलं तर बायपास बंद आहे, सगळं ऑइल कूलरमधून जातंय, पण कूलर उष्णता टाकू शकत नाही. तेव्हा हवेकडे जा. आणि कूलर टाळण्याचं तिसरं एक कारण कधी कधी निघतं: कूलर आतून गाळाने चोंदलेला, किंवा होजचं (ऑइलच्या लवचिक नळीचं) आतलं अस्तर सुटून झडपेसारखं आडवं आलेलं. बाहेरून होज ठणठणीत दिसतो. होजचं वय लॉगमध्ये बघा, आणि एका टोकातून उजेड टाकून दुसऱ्या टोकातून बघा.

व्हर्नाथर्म काढला आणि पातेल्यात टाकला. पद्धत अशी: तारेने पाण्यात लोंबकळत ठेवायचा, शेजारी थर्मामीटर, पाणी हळूहळू तापवायचं. गार असताना आणि ८५ ला, दोन्ही वेळा व्हर्नियर कॅलिपरने लांबी मोजायची. किती लांबायला हवं ते मॅन्युअलमध्ये असतं. मागचा कडेने दाबून बसवलेला नट ढिला झालाय का, हे बोटांनी फिरवून बघायचं. तो सुटून व्हॉल्व्ह निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. आमचा व्हर्नाथर्म पातेल्यात अगदी नियमाने लांबला, गार झाल्यावर नियमाने आखडला. बरोबरच्या तरुण मेकॅनिकचा चेहरा पडला. नवा मागवून ठेवला होता ना.

मग मी निळा रंग काढला. व्हर्नाथर्मच्या टोकाला मार्किंग ब्लूचा पातळ हात दिला, गरम पाण्यातून काढून लांबलेला असतानाच जागेवर बसवला, दाबला, काढला आणि टॉर्चने सीट बघितली. सीटवर पूर्ण वर्तुळ उमटायला हवं होतं. उमटली होती चंद्रकोर. खालच्या बाजूला निळी रेघ, वरच्या बाजूला कोरडं ॲल्युमिनियम, आणि त्या कोरड्या भागात नखाला लागेल अशी घळ. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं एका अंगाला कलून बसत होता. उरलेल्या फटीतून दाबाखालचं गरम ऑइल सुसाट जात होतं आणि मऊ धातू खात होतं. अशी फट मोठी होत जाते, तसं टेंपरेचर चढत जातं. 

सीट कुठे आहे त्यावर उपाय ठरतो. काही इंजिनांत ती मागच्या ॲक्सेसरी हाउसिंगमध्ये असते, काहींत फिल्टरच्या ॲडॉप्टरमध्ये. किती खराबी चालते आणि सीट पुन्हा घडवायला परवानगी आहे का, हे मॅन्युअल सांगेल. स्वतःच्या मनाने घासत बसू नका, ॲल्युमिनियमचा कण आत गेला तर तो पुढे बेअरिंगपर्यंत जातो. आमच्याकडे सीट ॲडॉप्टरमध्ये होती, अख्खा ॲडॉप्टर बदलला. कधी कधी सीटवर नुसता कार्बनचा कण अडकलेला असतो आणि पुसून काम भागतं. तसं आमचं नशीब नव्हतं.

हवेची बाजू

ॲडॉप्टर बदलल्यावर चढाईत १०० आले, बाहेर ३२ असताना. फरक ८२ वरून ६८. इथे थांबलो असतो तरी चाललं असतं, पण आता थर्मोकपल लावलेलेच होते. कूलरमधून उतरणारं तापमान अजूनही मला थोडं कमी वाटत होतं.

कूलरमधून हवा जाते ती वेगाने नाही, दाबाच्या फरकाने. काउलिंगच्या वरच्या भागात दाब जास्त, खालच्या भागात कमी, आणि हवा सिलिंडरच्या अंगावरच्या पातळ पात्यांतून व कूलरच्या जाळीतून खाली यायची धडपड करते. हा फरक किती असतो? १०० नॉटला समुद्रसपाटीच्या हवेत पूर्ण गतिज दाब, म्हणजे समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब, सोळा-सतरा सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. इतकाच. त्यातलाही काही भाग वाटेत जातो. एवढ्याशा दाबावर सगळा खेळ चाललेला असताना बॅफलच्या (हवेला वळण देणाऱ्या पत्र्याच्या) कडेला बोटभर फट ठेवली, तर हवा कूलरच्या बारीक जाळीतून जायचे कष्ट का घेईल?

बॅफलचे रबरी सील नेहमी आत, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला वळलेले हवेत. मग दाब त्यांना काउलिंगवर चिकटवून ठेवतो. काउलिंग घाईत बसवताना एखादा सील मागे दुमडला जातो आणि उड्डाणात तिथे झडपेसारखी वाट उघडते. जमिनीवर ही गोष्ट दिसत नाही, कारण काउलिंग बसवलं की आत बघता येत नाही. दोन युक्त्या आहेत. वरच्या काउलिंगच्या आतल्या बाजूला सील घासल्याची काळी रेघ उमटलेली असते. ती जिथे तुटते तिथे सील टेकत नाही. दुसरी, अंधारात आत दिवा ठेवून काउलिंग बसवायचं आणि पुढच्या व खालच्या तोंडातून, तेलाच्या झाकणातून कुठे उजेड झिरपतो ते शोधायचं. आमच्याकडे मागचा डावा कोपरा, बरोबर कूलरच्या वरचा, रेघ हातभर गायब. सील कडक होऊन मागे पडलेला.

तिथेच खाली वाकल्यावर कूलर बसवलेल्या चौकटीभोवतीही फट दिसली. नवा कूलर बसवणाऱ्याने जुनं सीलंट खरवडून काढलं होतं आणि नवं भरलं नव्हतं. म्हणजे कूलर बदलून स्थिती सुधारली तर नव्हतीच, वर हवेला आणखी एक चोरवाट मिळाली होती.

कूलर फायरवॉलवर (इंजिनामागच्या अग्निरोधक भिंतीवर) असेल आणि त्याला लवचिक नळीने हवा येत असेल, तर नळी आतून फाटली आहे का, पिळली आहे का, क्लॅम्प घट्ट आहे का ते बघा. जाळीतले किडे, गवत, तेलावर बसलेली धूळ मागच्या बाजूने हळू हवा मारून काढा. जोरात फवारा मारला तर जाळीच्या पात्या वाकतात आणि घाण आणखी आत बसते. खालच्या बाजूने हवा बाहेर पडायची वाट मोकळी आहे ना, काउल फ्लॅप (काउलिंगखालचं उघडझाप होणारं दार) पूर्ण उघडतो ना, हेही त्याच वेळी. आणि हो, थंडीत कूलरवर लावलेली झाकणपट्टी. बऱ्याच विमानांच्या हिवाळी किटवर स्पष्ट लिहिलेलं असतं की ठरावीक तापमानाच्या वर ती काढा. सेसना १७२ साठी तो आकडा उणे ७ सेल्सिअसच्या आसपासचा. तरी उन्हाळ्यातही ती कूलरवर तशीच सापडते. हसू नका, मी स्वतः एकदा तिच्यामागे दोन तास घालवले आहेत.

सील आणि सीलंट झाल्यावर त्याच चढाईत ९३. फरक ६१.

उष्णताच जास्त तयार होत असेल तर

वरचं सगळं ठीक निघालं तर इंजिनाच्या आत बघायची वेळ आली. रिंगांवरून जळते वायू खाली क्रँककेसमध्ये जात असतील तर ते ऑइल थेट तापवतात. ब्रीदरमधून (क्रँककेसमधले वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) विमानाच्या पोटावर ऑइल उडतंय, ऑइल बदलल्यावर काही तासांत काळं होतंय, खप वाढलाय, ही त्याची लक्षणं. कॉम्प्रेशन तपासा, फिल्टर कापून धातूचे कण बघा. कण चमकदार आणि बरेच असतील तर टेंपरेचरचा प्रश्न मागे पडला, बेअरिंगचा पुढे आला. आणि असं इंजिन दुरुस्त करताना जुना कूलर परत लावू नका. त्याच्या आडव्यातिडव्या नळ्यांत अडकलेले कण नव्या इंजिनात सुटतात. कूलर बदलण्यासाठी मी स्वतः आग्रह धरतो तो या एका प्रसंगी.

मॅग्नेटोचं टायमिंग डेटा प्लेटशी ताडून बघा. काही इंजिनांना २५ अंश, काहींना २० अंश, आणि चुकून जास्त ॲडव्हान्स ठेवलं, म्हणजे ठिणगी फार आधी पडू दिली, की हेड आणि ऑइल दोन्ही तापतात. नवं किंवा नुकतंच ओव्हरहॉल झालेलं इंजिन रिंगा बसेपर्यंत गरम चालतं, त्याला थोडे तास द्या. ऑइलची पातळी आणि ग्रेड तर तुम्ही आधीच बघितली असेल. नसेल तर आत्ता बघा: संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइल कमी असलं की तेच ऑइल विश्रांती न घेता फेऱ्या मारतं.

पायलटच्या हातात काय आहे

हँगरमधून दोष निघेपर्यंत, आणि नंतरही. नाक थोडं खाली घ्या. ७६ नॉटऐवजी ९० नॉटने चढलात तर गतिज दाब जवळपास ४० टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. चढाईचा दर त्या मानाने थोडाच कमी होतो. मिश्रण रिच (इंधन जास्त) ठेवा, काउल फ्लॅप उघडा, जमिनीवर शेपटीकडून वारा घेऊन उभे राहू नका. तरीही काटा रेघेकडे सरकत असेल तर समतल करा, पॉवर कमी करा, प्रेशरवर डोळा ठेवा. आणि उतरल्यावर लॉगमध्ये नुसतं 'ऑइल टेंपरेचर हाय' असं लिहू नका. बाहेरचं तापमान, उंची, वेग, ऑइल टेंपरेचर, ऑइल प्रेशर, हेड टेंपरेचर, चढाई की समतल, हे सगळं लिहा. त्या नेटक्या पायलटच्या वहीने आमचं निम्मं काम केलं होतं.

दुरुस्तीनंतर त्या विमानाची तीन उड्डाणं मी थर्मोकपल न काढता करवली. पहिल्यानंतर ॲडॉप्टरच्या गॅस्केटखाली ऑइलचा ओलावा आहे का ते आरशाने बघितलं, तारेचं लॉकिंग पुन्हा तपासलं. तिसऱ्या उड्डाणात समतल अवस्थेत कूलरमध्ये जाणारं ऑइल १०१, येणारं ८५ आणि गेजवर ८६ दिसलं. येणारं आणि गेजवरचं जवळजवळ एक, म्हणजे बायपास बंद. मग थर्मोकपल काढले. काढून टाकलेला पहिला कूलर मालकाने जपून ठेवला होता, तो दाब आणि प्रवाहाच्या चाचणीला पाठवला. चांगला निघाला. टॅग लावून सुटे भाग ठेवतो त्या कपाटात आहे.